दोन गुणांची मुलगी

आमच्याकडे पाहुण्यांसमोर स्वतःच्या मुलांचं कौतुक करायची पद्धत नव्हती. दहावीला मला गणितात दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस मिळाले, तेव्हा पेढे वाटताना माझे वडील शेजाऱ्यांना म्हणाले, "ठीक आहे, निघाला एकदाचा पास." मी शेजारीच पेढ्यांचं ताट धरून उभा होतो. वाईट वाटलं होतं की नाही ते आता आठवत नाही. वाटलं असणार. पण सवय अंगात अशी मुरते की पुढं आपल्याला मूल झालं की आपल्याही तोंडून तेच बाहेर पडतं. अभ्यासात कशी आहे? यथातथाच. गाते म्हणे छान? गुणगुणते आपली. यात नम्रता किती आणि दृष्ट लागण्याची भीती किती, ते बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मुलांना ते कळतं असं आपण धरून चालतो.

हे सगळं आठवायचं कारण बेसबॉल.

सिंगापूरला येऊन आम्हाला सात वर्षं झाली होती. सेरंगूनला फ्लॅट, तांजोंग पगारला माझी बँक. मी रिस्क विभागात होतो. कुठल्या व्यवहारात काय बुडू शकतं हे आधीच सांगायचं, एवढंच आमचं काम. आम्ही सांगायचो आणि वरचे लोक त्यांना करायचं तेच करायचे. त्या वर्षी माझ्या हाताखाली तयार झालेला एक जण माझा साहेब झाला. कोणी माझा अपमान केला नाही, उलट सगळे जरा जास्तच गोड बोलायला लागले. मी घरी येऊन जेवायचो आणि भिंतीकडे बघत बसायचो. बायको म्हणायची, "काहीतरी कर रे दुसरं. ऑफिस सोडून काहीही."

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. माझ्या त्या दिवसांतली बरी वेळ म्हणजे तिच्याबरोबरचं संध्याकाळचं क्रिकेट. ब्लॉकच्या खाली चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटी होती, म्हणून आम्ही पार्किंगच्या मागं सिमेंटच्या पट्ट्यावर खेळायचो. तिथं टेनिसचा चेंडू टप्पा पडून थेट खांद्यापर्यंत उसळायचा. मी तिला पुलचा फटका शिकवला. मागचा पाय घट्ट रोवायचा, चेंडू नाकासमोर येऊ द्यायचा आणि मग सगळं अंग फिरवायचं. तो फटका तिला इतका आवडला की खांद्याच्या उंचीचा चेंडू दिसला की तिच्यानं राहवायचंच नाही. हे पुढं लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

शाळेतल्या एका मैत्रिणीमुळे तिला बेसबॉलची लीग कळली. पालकांनीच चालवलेली छोटी लीग होती. चार टीम, पन्नासेक मुलं, दर शनिवारी सकाळी सामने. जपानी, तैवानी, अमेरिकन, कोरियन मुलं आणि थोडी इथली. आमच्यासारखे आम्हीच. पहिल्या सभेत एक प्रशिक्षक कमी पडतोय असं कळलं, तेव्हा सगळ्यांनी चपलांकडे बघायला सुरुवात केली. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी हात वर केला. मुलगी माझ्याकडे बघत होती म्हणून.

मग मी अभ्यासाला लागलो. माझा अभ्यास म्हणजे मागं पुढं न बघता केलेला अभ्यास. अमेरिकेत रात्री सामने असतात तेव्हा आपल्याकडे सकाळ असते. ऑफिसात पोचल्यावर पहिला तासभर मी तिकडच्या बातम्या वाचायचो. खेळ पाहण्यापेक्षा मला त्यातली देवघेव जास्त आवडायला लागली. कोणी कोणाला सोडलं, कोणाच्या बदल्यात कोणाला घेतलं, आजचा एक चांगला खेळाडू देऊन उद्याची दोन कोवळी पोरं का घेतली. त्यातला भरपाईचा नियम तर मला फार आवडला होता. एखादा मोठा खेळाडू करार संपल्यावर दुसऱ्या टीमकडे गेला, तर जुन्या टीमला नवी मुलं निवडताना एक जास्तीची पाळी मिळायची. पण एक अट होती. त्या खेळाडूला जुन्या टीमनं आधी 'थांब' असं रीतसर म्हटलेलं असायला हवं. नुसतं जाऊ दिलं असेल तर भरपाई नाही. असा नियम करणारा माणूस शहाणा असणार, असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आमच्या लीगमध्येही याचीच लहान नक्कल होती. हंगामाच्या आधी एका शनिवारी सगळ्या मुलांची चाचणी व्हायची: फेकणं, झेलणं, मारणं. प्रत्येकाला पाचपैकी गुण. मग चार प्रशिक्षक टेबलाभोवती बसून आळीपाळीनं मुलं निवडायचे. त्याला ड्राफ्ट म्हणायचे. प्रशिक्षकाचं स्वतःचं मूल आपोआप त्याच्याच टीममध्ये यायचं, पण फुकट नाही. मूल पाच गुणांचं असेल तर त्याची पहिली पाळी त्यात जायची, चारचं असेल तर दुसरी, दोनचं असेल तर चौथी. म्हणजे तुमचं मूल जितकं सामान्य, तितकी बाकीची टीम भारी.

चाचणीच्या दिवशी माझी मुलगी तापानं घरी होती. टेबलावर तिचं नाव आलं तेव्हा समितीच्या बाईंनी मला विचारलं, "हिची चाचणी झालेली नाही. तुम्हीच सांगा. किती धरायचे?"

सिमेंटच्या पट्ट्यावर ती काय करायची ते मला माहीत होतं. तीस पावलांवरून कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर चेंडू मारायची. चार. कोणी निष्ठुर माणसानं दिले असते तरी चार.

"ठीकच आहे," मी म्हणालो. "दोन."

पहिला शब्द वडिलांचा होता, दुसरा माझा. त्या क्षणी मला दोन्हीत फरक वाटला नाही. नम्रपणे बोललो, आणि नम्रतेचा फायदा झाला तर त्यात माझं काय चुकलं? पहिल्या तीन पाळ्या माझ्या हातात शिल्लक राहिल्या. पहिल्या पाळीत मी एक जपानी मुलगा उचलला, बारा वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पाच गुणांचा. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती मुलीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती.

"दोन?" ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर बोलतोस तसं तिथंही बोललास?"

"अगं, तो डाव आहे."

"तिला सांगू नकोस म्हणजे झालं."

सुरुवातीचे आठवडे सुखाचे गेले, हे मला मान्य केलं पाहिजे. शनिवारी पहाटे आम्ही दोघं बसनं निघायचो. तिच्या मांडीवर ग्लव्ह, माझ्या मांडीवर माझी फाईल. सामना संपला की मैदानाजवळच्या हॉकर सेंटरला पराठा खायचो, म्हणजे इथला तो प्राटा, आणि ती सगळा सामना पुन्हा पहिल्यापासून मराठीत सांगायची. शाळेत, खाली खेळताना ती इंग्रजीत बोलायची, पण माझ्याशी मराठीच. "बाबा, तो पिचर कसला भारी आहे. पण तो बोलतच नाही काही." "बाबा, तू मला मागं का उभं करतोस? पुढं कर ना." कागदावर दोन गुण असलेल्या मुलीला पुढं उभं केलं तर बाकीचे प्रशिक्षक काय म्हणतील, या विचारानं मी तिला मागंच ठेवलं. जपानी मुलाच्या जोरावर आम्ही जिंकत होतो. टीमचा तक्ता मी ऑफिसात रोज उघडून बघायचो. कोण वाढतंय, कोण घसरतंय, कोणाला कोणाशी बदलता येईल. बरेच महिने मला इतकं जिवंत वाटलं नव्हतं. ऑफिसात मला कोणी विचारत नव्हतं. इथं बारा मुलं मी सांगेन तिथं उभी राहत होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला जपानी मुलाची आई सामन्यानंतर माझ्याजवळ आली. नवऱ्याची टोकियोला बदली झाली होती. महिनाअखेरीला जाणार म्हणाली. वाकून माफीही मागितली, जणू बदली तिनंच मागितली होती.

सिंगापूरच्या लीगला हे नवीन नव्हतं. दर हंगामात तीन-चार घरं उठून जायचीच. म्हणून नियम होता की मूल देश सोडून जात असेल तर प्रशिक्षकानं घरच्यांना एक फॉर्म द्यायचा: हंगाम संपेपर्यंत थांबू शकता का? त्यांनी लेखी 'नाही' लिहिलं की त्या टीमला वेटिंग लिस्टमधल्या कुठल्याही मुलाची पहिली निवड मिळायची. त्या यादीत तेव्हा एक चांगली कोरियन मुलगी होती, सगळ्यांचा तिच्यावर डोळा होता. पण फॉर्म भरला की जाणाऱ्या मुलाचं नाव त्याच आठवड्यात टीममधून निघायचं. आणि महिनाअखेरीपर्यंत आमचे दोन अवघड सामने होते.

मी हिशेब मांडला. फॉर्म आज भरला तर कोरियन मुलगी मिळेल, पण दोन सामने पिचरशिवाय. दोन सामने झाल्यावर भरला तर दोन्ही हातात. मी फॉर्म फाईलमध्येच ठेवला.

एका सामन्यानंतर तो मुलगा आलाच नाही. बदलीची तारीख अलीकडे आली होती आणि ते घर बुधवारीच गेलं होतं. समितीच्या बाईंनी मला फोनवर विचारलं, "तुम्ही त्यांना फॉर्म दिला होता का?" नव्हता दिला. भरपाई नाही. कोरियन मुलगी पाळीप्रमाणे दुसऱ्या टीमकडे गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्यवहारातली भोकं दाखवणारा मी, आणि मला माझं भोक दिसलं नाही. आठवडाभर मी घरात कोणाशी धड बोललो नाही.

आमची टीम पुढचे दोन सामने वाईट हरली. तिसऱ्या शनिवारी खेळ सुरू असतानाच विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की मैदान रिकामं करायचं, हा इथला कडक नियम. सगळे तंबूखाली गर्दी करून उभे राहिले. पाऊस आडवा येत होता आणि मुलं ओल्या टोप्या एकमेकांवर झटकत होती. दुसऱ्या टीमचा प्रशिक्षक माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. तैवानचा माणूस, वन-नॉर्थला कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधक. कमी बोलायचा. सामना चालू असताना तो चेंडूकडे न बघता मुलांच्या पायांकडे बघायचा, हे मी पाहिलं होतं.

"तुम्हाला पिचर हवा," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्याकडे डावखुरा आहे. चार गुण."

"त्याच्या बदल्यात?"

"तो चष्म्याचा छोटा मुलगा. दोन. आणि तुमची मुलगी. दोन."

लीगमध्ये अदलाबदल करायची तर दोन्ही बाजूंचे गुण सारखे लागायचे. दोन आणि दोन चार. कागद चोख होता. मी पावसाकडे बघत राहिलो. डोक्यात काय काय चाललं होतं ते मला स्वच्छ आठवतं आणि ते लिहायची लाज वाटते. डावखुरा पिचर या वयात मिळत नाही. चष्म्याच्या मुलाचा उपयोग नाही. मुलगी माझ्याकडे मागं उभी राहून कंटाळते आहे, तिकडे तिला खेळायला मिळेल. तिच्याच भल्याचं आहे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा मनात म्हटलं, म्हणजे ते खोटं आहे हे मला कुठंतरी कळत असणार.

"पण आधी तिला विचारा," तैवानी माणूस म्हणाला. "ओके म्हणाली तर करू."

"विचारायची गरज नाही," मी म्हणालो. "ती समजूतदार आहे."

फॉर्मवर दोन सह्या लागायच्या, एक प्रशिक्षकाची आणि एक पालकाची. दोन्ही मीच केल्या, एकाच पेननं, एकाखाली एक.

परतीच्या बसमध्ये तिला सांगितलं. ऑफिसात वाईट बातमी सांगतात त्याच पद्धतीनं सांगितलं, आधी फायदे. नवी टीम, चांगला प्रशिक्षक, पुढं उभं राहायला मिळेल. ती ओल्या केसांनी खिडकीशी बसली होती.

"म्हणजे मी तुझ्या टीममध्ये नाही?"

"शनिवारी आपण असणारच ना मैदानावर. फक्त टीम वेगळी."

"त्या डावखुऱ्याच्या बदल्यात मी गेले?"

"तू आणि तो चष्मेवाला."

तिनं पिशवीतून ग्लव्ह काढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मला किती मार्क आहेत, बाबा?"

कोणीतरी तिला सांगितलंच असतं. "दोन," मी म्हणालो. "पण ते नुसतं कागदावर. तुला ताप होता म्हणून."

"कोणी दिले?"

मी म्हणालो की समितीनं. तिनं ग्लव्हची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. उतरताना म्हणाली, "मग मी जाऊ?" मला वाटलं ती बसमधून उतरण्याबद्दल विचारतेय. "हो, जा," मी म्हणालो. घरी पोचेपर्यंत मला कळलं होतं की ती दुसऱ्याच गोष्टीबद्दल विचारत होती. थांब म्हणायला अजूनही वेळ होता, समिती सोमवारी सह्या बघणार होती. मी म्हटलं नाही. बायकोनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "पेढ्याच्या ताटाची गोष्ट मला तूच सांगितली होतीस."

तैवानी माणसाचा सराव शुक्रवारी संध्याकाळी असायचा आणि शनिवारी सामन्याच्या आधी तासभर. तो आपल्या गाडीतून तिला न्यायचा. मी बसनं एकटा जायला लागलो. त्यानं तिला अगदी पुढं, जिथं सर्वांत जास्त चेंडू येतात तिथं उभं केलं. बॅटिंगला तिसरी पाठवली. सहा आठवड्यांत ती लीगमधल्या पहिल्या चार-पाच मुलांत गणली जायला लागली. एकदा सामन्याच्या आधी तो फाईल घेऊन माझ्याकडे आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, "मला वाटतं हिच्या गुणांत टायपिंगची चूक झाली होती." मी म्हणालो, असेल. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सगळं कळलेली माणसं कधीकधी अशीच चेहरा कोरा ठेवतात.

डावखुऱ्या पिचरनं मला दिलेलं काम चोख केलं. आम्ही पुन्हा जिंकायला लागलो. अंतिम सामना अर्थातच माझ्या आणि तैवानी माणसाच्या टीममध्ये पडला.

तो ऑक्टोबर धुराचा होता. सुमात्रातल्या जंगलांचा धूर वाऱ्यानं येऊन बसला होता, सूर्य तांबड्या गोळीएवढा दिसायचा, घरात सगळ्या खिडक्या लावल्या तरी उशांना जळका वास यायचा. सामना रद्द होईल असं मला आदल्या दिवशी वाटलं होतं, आणि व्हावा असंही वाटलं होतं. पण सकाळी हवेचा आकडा मर्यादेच्या जरासा आत होता. समितीनं खेळायला परवानगी दिली. आई-बाप तोंडाला रुमाल लावून बसले होते. बायको आली नव्हती. तिला खोकला झाला होता, आणि खोकला नसता तरी ती आली नसती.

शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढं होतो. त्यांचे दोन जण बाद झाले होते आणि एक धावणारा तिसऱ्या बेसवर उभा होता, म्हणजे एक चांगला फटका आणि बरोबरी. बॅट घेऊन माझी मुलगी आली.

मी वेळ मागितला आणि पिचरकडे चालत गेलो. प्रशिक्षकाला एका डावात एकदा तसं जाता येतं. बारा वर्षांचा तो मुलगा घामानं भिजला होता आणि घाबरला होता.

बेसबॉलमध्ये खांद्याच्या उंचीचा चेंडू सोडून द्यायचा असतो. तो पिचरची चूक धरतात. पण बॅट फिरवली आणि हुकलं तर चूक तुमची, आणि अशा तीन चुका झाल्या की बाद. तैवानी माणसानं तिची वरच्या चेंडूची सवय जवळपास मोडली होती, हे मी लांबून पाहत आलो होतो. पण सिमेंटच्या पट्ट्यावरच्या तीन वर्षांपुढं सहा आठवडे काहीच नसतात, हेही मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं.

"वर टाक," मी त्याला म्हणालो. "खांद्याच्या उंचीवर. तीनही. ती सोडणार नाही."

मला त्या वेळी लाज वाटली नाही. हुशारी वाटली. लाज नंतर आली आणि मग गेलीच नाही.

पहिल्या चेंडूला तिनं मागचा पाय रोवला. मी शिकवला होता तसा, अगदी घट्ट. बॅट फिरली, चेंडू वरून गेला. दुसऱ्या चेंडूच्या आधी ती थांबली, बॅट खाली टेकवून तिनं आमच्या बाकड्याकडे पाहिलं. माझ्याकडेच. मी फाईलमध्ये काहीतरी लिहायला लागलो. दुसरा चेंडू, पुन्हा तीच उंची, पुन्हा तोच फटका. तिसऱ्याला ती स्वतःला आवरायला बघत होती, अर्धवट फिरवलेली बॅट मागं खेचत होती, पण उशीर झाला होता.

आमची मुलं आरडाओरडा करत पिचरच्या अंगावर पडली. तैवानी माणसानं तिच्याजवळ जाऊन तिची टोपी नीट केली आणि काहीतरी बोलला. मग रिवाजाप्रमाणे दोन्ही टीम समोरासमोर रांगेत आल्या आणि मुलं एकमेकांशी हात मिळवत पुढं सरकली. मीही रांगेच्या टोकाला होतो. मुलगी माझ्यापर्यंत आली तेव्हा तिनं बाकीच्यांसारखाच हात पुढं केला. "गुड गेम," ती म्हणाली.

त्या दिवशी ती माझ्याबरोबर बसनं घरी आली. मला बरं वाटलं. प्लास्टिकच्या पिशवीत कप होता, तो मी पायाशी ठेवला. पराठा खायचा का विचारलं तर नको म्हणाली. धुरामुळे बसमध्ये दिवे लावले होते. दोन थांबे गेल्यावर तिनं मराठीत, अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, वरचा बॉल टाक असं तू त्याला सांगितलंस का?"

ती माझ्याकडे सरळ बघत होती. चिडलेली नव्हती. हो म्हणायला मला एक अक्षर लागलं असतं.

"नाही गं," मी म्हणालो. "तो घाबरला होता, त्याला धीर दिला फक्त."

ती अजून थोडा वेळ बघत राहिली. मग खिडकीकडे वळली. "ओके लाह," ती इथल्या मुलांसारखं म्हणाली. "नेव्हर माइंड."

पुढच्या हंगामात तिनं नाव घातलं नाही. मीही फाईल परत केली. सिमेंटच्या पट्ट्यावर मी एक-दोनदा बॅट घेऊन गेलो, तिला गृहपाठ होता. आणि त्या शनिवारनंतर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. आईशी बोलायची, आजीशी फोनवर बोलायची, माझ्याशी इंग्रजी. भांडण नव्हतं, उद्धटपणा नव्हता. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मंडळाच्या गणपतीत सगळे आई-बाप हीच तक्रार करायचे. इथल्या शाळांचा परिणाम, या वयात सगळीच मुलं इंग्रजीकडे वळतात, आपण तरी काय करणार. मी मान हलवायचो. कोणी तिच्याबद्दल विचारलं तर म्हणायचो, ठीक आहे, चाललंय.

आता ती मेलबर्नला असते. नोकरी चांगली आहे. चांगली म्हणजे खरंच चांगली, हे मी हल्ली मुद्दाम पूर्ण सांगतो, ऐकणारा कंटाळेपर्यंत. गेल्या वर्षी घर बदलताना जुन्या फाईलमध्ये मला त्या अदलाबदलीच्या फॉर्मची प्रत सापडली. दोन सह्या, एकाखाली एक. त्या रविवारी तिचा फोन आला, हवेचं वगैरे बोलून झालं, आणि मी काही न ठरवता म्हणालो, "तुला दोन मार्क मीच दिले होते. आणि त्या फायनलला वरचा चेंडू टाक असं मीच त्याला सांगितलं होतं."



"आय नो, बाबा," ती म्हणाली. आवाज प्रेमळ होता, तेच जास्त लागलं. "द पिचर टोल्ड मी. व्हेन वी वर शेकिंग हँड्स."

मग तिनं माझ्या रक्तदाबाबद्दल विचारलं आणि मी सांगितलं. फोन ठेवल्यावर मी खुर्चीतच बसून राहिलो. हात मिळवले ते मैदानावर, सामना संपल्या संपल्या. बस त्यानंतर अर्ध्या तासानं आली. म्हणजे बसमध्ये तिनं मला विचारलं तेव्हा तिला उत्तर माहीत होतं. मी काय म्हणतो एवढंच तिला ऐकायचं होतं, आणि मी नाही म्हणालो.